पिशव्यांची दुपार

बोट रात्री जाईल, असं जुसिलेनने वहिनीला फोनवर सांगितलं. खरं तर बोट शनिवारी दुपारी दोन वाजता नदीच्या जाकारे फाट्यातून जाणार होती. हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? त्या दुपारचा कार्यक्रम तिनेच तर सुचवला होता.

"रात्री म्हणजे किती वाजता?" वहिनीने विचारलं. "पांढरी बोट इकडून जाणार हे कळल्यापासून आई वाट बघतायत. होडीला नवं डांबरसुद्धा लावून घेतलंय."

"खूप उशिरा गं. दोन-तीन वाजता. आईला म्हणावं, झोप. अंधारात होडी काढायची नाही."

"मी सांगेन. पण त्या माझं ऐकतात कधी?"

जुसिलेनने फोन ठेवला, आरशात बघून गळ्यातला निळा रुमाल नीट केला आणि वरच्या डेकवर पाहुण्यांना असाईच्या फळाबद्दल माहिती द्यायला गेली. माहिती ती फार छान द्यायची. कोणाला कंटाळा म्हणून येऊ द्यायची नाही.

'गार्सा' नावाची ती पांढरीशुभ्र बोट मानाउसहून निघायची, मोठ्या नदीतून खाली ब्रेवेसच्या अरुंद फाट्यांत शिरायची, बेलेंला दोन दिवस थांबायची आणि मग समुद्रात पडून थेट टोबॅगो, ग्रेनाडा, बार्बाडोस असं बेटं बेटं करत हिंडायची. शंभर-सव्वाशे पाहुणे, आणि त्यांची उठबस करायला तितकीच माणसं. पाहुणे बहुतेक साठीच्या पुढचे. जंगल बघायचं, पण थंडगार खोलीत बसून. नदी बघायची, पण हातात पेला धरून. असो, ज्याची त्याची हौस. जुसिलेनचं काम त्यांना माहिती सांगायचं, हसवायचं आणि कोणाच्या मनात काय आहे ते आधीच ओळखून पुढे करायचं. चौतीस वर्षांची, चार भाषांत मोडकंतोडकं का होईना पण गोड बोलणारी. बोटीवर सगळ्यांना ती बेलेंची म्हणून माहीत होती. बेलें शहरातली, वडील संगीताचे मास्तर, घरात पियानो.

पियानो! घरात चार खांबांवरची फळकुटाची जमीन, खाली भरतीचं पाणी, आणि वाजायचा तो फक्त पत्र्यावरचा पाऊस. वडील तर ती सात वर्षांची असतानाच लाकडाच्या तराफ्यावरून घसरून गेले.

हे खोटं काही तिने ठरवून उभं केलं नव्हतं. बेलेंच्या हॉटेलकामाच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात एका मुलीने सहज सांगितलं की मी ब्रेवेसच्या फाट्यांवरची. झालं. पोरी तिला 'पिशवीवाली' म्हणायला लागल्या. ती वर्गात आली की कोणीतरी मागून ओरडायचं, "अगं टाका, टाका, पिशवी टाका!" जुसिलेन त्या मुलीच्या शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवशी जुसिलेनला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी? मी इथलीच, बेलेंची." आणि ती हसलीसुद्धा, सगळ्यांबरोबर, त्या दुसऱ्या मुलीला. एकदा जीभ घसरली की मग ती कुठे कुठे घेऊन जाते, याचा हिशेब राहत नाही. पुढे वडील मास्तर झाले, मग पियानो आला.

पिशवीची गोष्ट अशी. आमच्या फाट्यांतून बेलेंच्या प्रवासी बोटी जातात तेव्हा काठावरच्या बाया आणि पोरं होड्या घेऊन बाहेर येतात. बोटीवरचे लोक पिशव्या टाकतात. जुने कपडे, बिस्किटं, साबण, एखादी बाहुली. पिशवीत आधी फुंकर मारून हवा भरायची आणि मग गाठ मारायची, म्हणजे ती बुडत नाही. शहरातली माणसं याला भीक म्हणतात. म्हणू देत. जुसिलेनच्या आईला, ओस्मारिनाबाईला, कोणी तसं म्हटलेलं खपत नसे. "आपल्या दारावरून कोणी जातंय, तर देणंघेणं होतंच," ती म्हणायची. "ते देतात, आपणही देतो." आणि ती खरोखरच द्यायची. खारवलेल्या कोळंबीची पुडी पानात बांधून ती नेहमी होडीत ठेवायची, आणि ज्याने पिशवी टाकली त्याच्या हातात नेम धरून वर फेकायची. प्रवासी बोटी बुटक्या असतात, कठडा हाताला लागेल इतका. बाईचा नेम सहसा चुकत नसे. लहानपणी जुसिलेन होडीच्या पुढच्या टोकाला बसायची, पिशवी पकडणं तिचं काम, आणि पिशवी हातात आली की वर बघून हसणं, हेही तिचंच काम. खरं सांगायचं तर पाहुण्यांना हसवायला ती तिथेच शिकली होती.

गेल्या साली, बोटीवरचे कार्यक्रम ठरवणारा फाब्रिसियो कपाळाला हात लावून बसला होता. तो साओ पाउलोचा, सतत घाईत असलेला माणूस. "या फाट्यांत सहा तास जातात," तो म्हणाला. "सहा तास झाडंच झाडं! पाहुणे झोपतात. मग जेवायच्या वेळी कुरकुरतात. जुसी, तू इथली आहेस ना, काहीतरी सुचव की."

आणि जुसिलेन बोलून गेली. "इथे लोक होड्या घेऊन येतात. पिशव्या टाकायची पद्धत आहे. मी लहानपणी बाबांबरोबर जाताना बघितलंय. वरून."

फाब्रिसियोने तिला मिठीच मारली. "सोनं आहेस तू, सोनं!"

त्या दिवसापासून दर फेरीला पिशव्यांची दुपार असे. बोटीवरच पिशव्या तयार व्हायच्या, आत साबण, बिस्किटं आणि 'गार्सा' लिहिलेला बनियन. जुसिलेन हातात माइक घेऊन उभी राहायची, पाहुण्यांना फुंकर मारून गाठ कशी मारायची ते शिकवायची, आणि काठाकडे तोंड करून आपल्या भाषेत ओरडायची, "या, या, पिशवी घ्या!" दोन होड्या एकाच पिशवीच्या मागे लागल्या की पाहुणे टाळ्या वाजवायचे. कोण जिंकतं बघायचे. टाळ्यांच्या आवाजाने तिच्या कानाची पाळी गरम व्हायची. पण तेवढ्या फेऱ्यांत बोट दर वेळी पलीकडच्या मोठ्या फाट्यातून गेली होती. जाकारेच्या फाट्यात तिचं घर होतं, आणि तिथून बोट जाणार हे तिला या खेपेला निघताना कळलं. पलीकडे गाळ साचला होता म्हणे.

शनिवारी दुपारी बरोबर दोन वाजता ती माइक घेऊन वरच्या डेकवर उभी राहिली. तिच्या शेजारी मिसेस पेंड्री होत्या. वेल्सहून आलेली, सत्तरीची, मोठ्या गवती टोपीची विधवा बाई. स्वभावाने फार गोड, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही. त्यांनी बोटीवरची पिशवी घेतली नव्हती. स्वतःची बांधून आणली होती, आणि आत घरून आणलेला गुलाबाचा साबण होता, कागदातला, न उघडलेला.

"हा मी एखाद्या बाईलाच देणार," त्या म्हणाल्या. "पोरांना साबणाचं काय कौतुक? जुसी, तू सांग हं मला, कोणाला टाकू ते."

"सांगते," जुसिलेन म्हणाली. तिची नजर वळणावर होती. वळणापलीकडे मोठं समाउमाचं झाड, झाडाखाली धक्का, धक्क्यापाशी निळ्या दाराचं तिचं घर. ती मनात म्हणत होती, आई झोपली असू दे. आई कोळंबीचे पिंजरे बघायला गेली असू दे. काहीही असू दे, पण बाहेर नसू दे.

आता ओस्मारिनाबाई रात्रीच्या थापेला फसणार होती होय? उभा जन्म त्या पाण्यावर काढलेला. वरच्या गावातून एक होडी खाली आली की तिच्याबरोबर बातमी येते. पांढरी बोट सकाळीच ब्रेवेसला दिसली, हे तिला दहा वाजताच कळलं होतं. तिला वाटलं, पोरीला वेळ चुकीची सांगितली असेल कोणीतरी. पोरीने खोटं सांगितलं असेल, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

वळण आलं. होड्या सुटल्या. सहा, सात, आठ. पाहुणे ओरडायला लागले, पिशव्या पडायला लागल्या. आणि सगळ्यांच्या मागून, अजिबात घाई न करता, एक डांबराने चकाकणारी होडी आली. मागच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. तिने अंगात लाल पोलकं घातलं होतं, फक्त जत्रेच्या दिवशी घालायची ते. डोक्याला तेल, केस चापून बसवलेले. तिने बोटीची लाट होडीच्या नाकावर घेतली, वल्हं आडवं ठेवलं आणि वर बघितलं. एकेक चेहरा बघत बघत तिची नजर सरकली आणि जुसिलेनवर येऊन थांबली.

जुसिलेनच्या हातातला माइक चालू होता.

आमच्याकडे आई दिसली की लेकराने आधी आशीर्वाद मागायचा. बाकी सगळं नंतर. झोपेतून उठलं तरी, भांडण झालेलं असलं तरी, फोनवरसुद्धा. "आई, आशीर्वाद दे," म्हणायचं, आणि आई "देव तुझं भलं करो" म्हणते, मगच बोलणं सुरू होतं. दाढीमिशावाले बाप्ये भर बाजारात मागतात, त्यात कोणाला लाज वाटत नाही. दोन शब्दांचं काम. जुसिलेनच्या तोंडापर्यंत ते आले. तिथेच अडकले. शेजारी फाब्रिसियो, मागे शंभर माणसं, त्यातल्या निम्म्यांना तिने परवाच पियानोची गोष्ट सांगितलेली.

म्हातारी थांबली. लेक काही बोलते का, याची वाट बघत थांबली. मग तिने होडीतून पुडी उचलली, हात मागे नेला आणि पूर्वीसारखा नेम धरून वर फेकली. पण ही बोट पाच मजली होती. पुडी दुसऱ्या मजल्यापर्यंतही पोचली नाही. पांढऱ्या पत्र्यावर आपटली, पान सुटलं आणि कोळंबी पाण्यावर सांडली.

पाहुणे हसले. वाईट मनाने नाही, कोणी घसरलं की माणूस हसतो तसे. "मासे खाऊ घालतेय!" कोणीतरी म्हणालं.

मग म्हातारीने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली. बोट पुढे चालली होती, इंजिनाचा आवाज होता, तरी जुसिलेनला एकेक अक्षर ऐकू आलं. "देव तुझं भलं करो, पोरी! देव तुझं भलं करो!" मागितला नव्हता तरी. लेक विसरली असेल, म्हणून आपणच देऊन टाकला.

मिसेस पेंड्रींनी तिचा दंड धरला. "काय म्हणतेय गं ती बाई? काय मागतेय?"

आणि जुसिलेन म्हणाली, "साबण मागतेय."

कुठून आले ते शब्द, तिला आजही सांगता येणार नाही. पण आले, आणि माइकमधून आले.

"बघ! मी म्हटलं नव्हतं!" मिसेस पेंड्रींचा चेहरा उजळला. त्यांनी कठड्यावरून वाकून, जीव खाऊन पिशवी फेकली. ती थेट होडीच्या पोटात पडली. सगळ्या डेकने टाळ्या वाजवल्या. म्हातारीने पिशवी उचलली, टोपीवाल्या बाईकडे बघून मान लववली. कारण कोणी दिलं तर मान लववायची, हे ती कधी चुकली नव्हती. मग तिने पुन्हा एकदा लेकीकडे बघितलं. जुसिलेन दुसऱ्या बाजूला वळली आणि माइकवर पुढच्या गावाची माहिती सांगायला लागली.

त्या रात्री तिने जेवणाच्या वेळी तीन पेले फोडले. फाब्रिसियो म्हणाला, "दमलीस का? पण आज कमाल झाली हं. ती साबणवाली म्हातारी! लोक अजून तेच बोलतायत."

"हो ना," जुसिलेन म्हणाली.

बेलेंला बोट दोन दिवस होती. घरी जायला वेळ नव्हता, पण फोन करायला होता. तिने चार वेळा नंबर लावला आणि चारही वेळा वाजायच्या आधी बंद केला. काय बोलणार? आई, तू होतीस होय, मला वाटलं दुसरंच कोणी. हे तिने आरशासमोर म्हणून बघितलं, आणि स्वतःचंच तोंड बघवेना. शी! असल्या तोंडाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी वहिनीचा निरोप आला. "आई म्हणतात, तू बोटीवर दिसलीच नाहीस. आजारी आहेस का? का सुट्टी होती त्या दिवशी? कळव."

वाचल्याबरोबर तिच्या जिवात जीव आला. दिसलीच नाही! उन्हाची तिरीप असेल, आईचे डोळेही आता कुठे तितके चांगले राहिलेत. तिने कॉफी घेतली, पाव खाल्ला, दोन दिवसांत पहिल्यांदा नीट खाल्लं. आणि पाव चावता चावता तिला आठवलं, की आईची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकत येऊन तिच्यावर थांबली होती. जिला पोर दिसली नाही, ती ओरडून आशीर्वाद कोणाला देत होती? आई सगळं बघून घरी गेली होती आणि दिसली नाही म्हणून सांगत होती. का सांगत होती, ते मात्र जुसिलेनला उमगेना. तोंडातला घास तोंडातच राहिला.

मग पाच दिवस समुद्र. पाणी निळं झालं, पाहुणे पोहायच्या टाकीभोवती पसरले, बँडवाले आले. जुसिलेन सगळं करत होती. हसत होती, पत्त्यांचे डाव लावत होती, कोणाला ऊन लागलं की छत्री नेऊन देत होती. पण कोणी "जुसी" म्हणून हाक मारली की दचकायची. ज्या हाताने माइक धरला होता तो हात ती उगाच धूत होती. बोटीवरच्या साबणाचा वास आला की तोंड फिरवायची. मिसेस पेंड्री तर रोज भेटायच्या, आणि रोज तेच.

"काय गं नेम माझा, जुसी! सरळ होडीत! माझ्या मुलाला लिहिलं मी. त्या बाईने मान कशी डोलावली, राणीसारखी! किती दिवस पुरेल गं एक साबण?"

"पुरेल बरेच दिवस."

"घरी कोण असेल तिच्या? मुलंबाळं?"

"असतील," जुसिलेन म्हणाली, आणि चादर आणायच्या निमित्ताने तिथून पळाली. खोलीत जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली. दोनदा तिने ठरवलं, आज या बाईला खरं सांगायचं. दोन्ही वेळा मिसेस पेंड्रींचा हसरा चेहरा बघून धीर झाला नाही. खरं सांगितलं तर त्यांचा आनंद जाईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. म्हणजे बघा, भित्रेपणालासुद्धा चांगलं नाव शोधून काढलं तिने.

टोबॅगोला सकाळी दहाला बोट धक्क्याला लागली. पाहुण्यांना किनाऱ्यावर न्यायला बस येणार होती, ती अजून यायची होती. धक्क्यावर बदामाच्या झाडाखाली बाकं होती. पंधरा-वीस जण तिथे टेकले, मिसेस पेंड्रीही होत्या, त्याच टोपीत. जुसिलेन हातात यादी घेऊन नावं मोजत होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वहिनीचा नंबर. कामाच्या वेळी वहिनी कधी फोन करत नसे. आईला काही झालं की काय, एवढं एकच डोक्यात आलं आणि तिने बटण दाबलं.

"जुसी?" आईचाच आवाज. फोनवर ती नेहमी नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी ओरडून बोलायची.

जुसिलेनने यादी काखेत मारली आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐकू येतंय का गं? मी दुकानात आलेय जोवेलिनाच्या. इथे चांगलं ऐकू येतं." जोवेलिना म्हणजे शेजारच्या धक्क्यावरची. फाट्यावरचं एकही लग्न, बाळंतपण, भांडण तिच्या तोंडातून सुटत नाही अशी बाई. त्या दिवशीच्या आठ होड्यांत तिचीही होती. "ती माझं डोकं खातेय आठवडाभर. म्हणते, बोटीवर माइक घेऊन होती ती जुसीच, आवाज तर जुसीचाच. मी म्हटलं, हॅट्! माझी जुसी त्या दिवशी कामावर नव्हती. मशीनमधून बायांचे आवाज सारखेच येतात. ती जुसी असती तर आईला बघून आशीर्वाद मागितला नसता का? माझी पोर आहे ती. काय गं, खरं ना?"

आता जुसिलेनला उमगलं. आईने तिला ओळखलं नाही असं सांगितलं, ते अख्ख्या फाट्यासमोर. लेकीने आईला ओळख दिली नाही, म्हणून आईनेही लेकीला ओळख दिली नाही. पण आईने ते लेकीची अब्रू झाकायला केलं होतं.

"आई," ती म्हणाली. अगदी हळू. "आई, आशीर्वाद दे."

"काय? मोठ्याने बोल. स्पीकर लावलाय, जोवेलिना बसलीय इथे, तिची सून बसलीय. ऐकू दे त्यांना."

भोवती सगळे पाहुणे. फाब्रिसियो बसवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होता. जुसिलेनने डोळे मिटले आणि पोटातून ओरडली, फाट्याच्या या काठावरून त्या काठाला ओरडतात तशी. "आई! आशीर्वाद दे मला, आई!"

बदामावरचे पक्षी उडाले. बोलणारे गप्प झाले. फाब्रिसियो वळून बघायला लागला.

"देव तुझं भलं करो, पोरी," पलीकडून आलं, आणि मागे जोवेलिनाचा आवाज, "बरं बाई, बरं, ऐकलं."

मिसेस पेंड्री उठून जवळ आल्या होत्या. "जुसी, काय झालं? कोणाला हाका मारतेयस? घाबरले ना मी."

जुसिलेनने फोन कानावरून खाली घेतला नाही. "माझी आई आहे," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "होडीतली. लाल पोलक्यातली. तुम्ही साबण टाकलात ती माझी आई. ती साबण मागत नव्हती. मला आशीर्वाद देत होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी बेलेंची नाही. आमच्याकडे पियानो नाही."

मिसेस पेंड्रींचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा पडला, की जुसिलेनला वाटलं, हेही आपणच केलं. "अरे देवा," त्या पुटपुटल्या. "आणि आम्ही हसलो." त्या बाकावर जाऊन बसल्या आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कोणाशी बोलतेस गं?" आई विचारत होती.

"साबण टाकला ना, त्या बाईशी."

"अगंबाई! तिला सांग, फार चांगला आहे. वापरला नाही मी. कपड्यांच्या पेटीत ठेवलाय, पेटी उघडली की वास येतो. तिच्यासाठी कोळंबी पाठवीन म्हणावं कोणाबरोबर तरी." मग थोडा वेळ नुसता खरखराट. आईने स्पीकर बंद केला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला आणि हळू झाला. इतकं हळू ती कधी बोलत नसे. "ऐक. आता मी सगळ्यांना सांगून बसलेय, ती तू नव्हतीस म्हणून. तेव्हा तूही कोणाला सांगू नकोस."

"आई, मी होते गं. मी तुला बघितलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"पुढच्या फेरीला मी खालच्या दारात उभी राहीन. पाण्याला लागून दार आहे आई, हात पोचेल तुझा. सगळ्यांसमोर मागेन. तू ये फक्त."

मागे दुकानात कोणीतरी भरडा मापून देत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नाही गं," ती म्हणाली. "आता नाही काढत होडी. खांदा दुखतो." आणि मग, जोवेलिनाला ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने, "बरं, जा कामाला! जेवत जा वेळेवर!"

बस आली होती. फाब्रिसियो यादी मागत होता. तिने ती दिली.